हाताने दाखवलेले वय

पैठणच्या धरणातून निघून गोदावरीच्या उत्तर अंगाने २०८ किलोमीटर धावणारा जायकवाडीचा डावा कालवा ज्या मुलुखातून जातो, त्या मुलुखात, अंबड तालुक्यातील महाकाळा ह्या जुन्या गावाला लागून, अंकुशनगर नावाची एक नवी वसाहत आहे. कारखान्याचे धुराडे, कामगारांच्या चाळी, हंगामात रस्त्याच्या कडेने लागलेली ऊसगाड्यांची रांग आणि वाऱ्याबरोबर येणारा मळीचा आंबूस वास, एवढ्यावरून परक्या माणसालाही तिची ओळख पटावी. ह्या भागात सहकारी साखर कारखानदारीचा पाया घालणारे आणि १९९१ साली जालन्यातून लोकसभेवर गेलेले अंकुशराव टोपे ह्यांच्या नावावरून तिचे नाव पडले. म्हणजे ज्याच्या स्मरणाला हे नाव जुने वाटावे, असा माणूस अजून फारसा म्हातारा असू शकत नाही.

आणि तरीही, गेल्या हंगामात कारखान्याजवळच्या एका चहाच्या टपरीवर एका वृद्ध शेतकऱ्याने मला जी हकीकत सांगितली, तिच्यात रझाकारांची टोळी १९४८ च्या पावसाळ्यात 'ह्याच अंकुशनगरच्या रस्त्यानं' आली होती. घोड्यांच्या तोंडाला फेस आलेला त्याने पाहिला होता, एका घोड्याचा मागचा पाय पांढरा होता, आणि तो स्वतः पिंपळाच्या बुंध्याआड आईचा पदर दातांत धरून उभा होता. शेजारच्या कोणी विचारले, बाबा, तुम्ही केवढे होता तेव्हा? म्हाताऱ्याने कप खाली ठेवला, तळहात जमिनीपासून दीड-दोन हातांवर धरला आणि म्हणाला, 'एवढा.' तेव्हा अंकुशनगर नव्हते, हा डांबरी रस्ता नव्हता, आणि चहाचे पैसे मोजणाऱ्या त्याच्या मुलाने हळूच जे सांगितले त्यावर विश्वास ठेवायचा तर बाबाही नव्हते. त्यांचा जन्म पोलीस अ‍ॅक्शननंतर दोन वर्षांनी झालेला. पण पांढऱ्या पायाचा घोडा मात्र त्या टपरीवर बसलेल्या आम्हा सर्वांना स्पष्ट दिसला.

म्हातारा खोटे बोलत होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्याच्या हकिकतीकडे मी एका जुन्या प्रथेच्या अंगाने पाहतो, आणि ती प्रथा ह्या मुलुखाच्या इतिहासाचाच भाग आहे. निजामाच्या राज्यात, औरंगाबाद सुभ्याच्या ह्या टापूत, खेड्यातल्या सामान्य माणसाला स्वतःची जन्मतारीख ठाऊक असण्याचे काही कारणच नव्हते. ज्याची पत्रिका मांडली जाई असा वर्ग मूठभर, बाकीच्यांचे वय प्रसंगांना बांधलेले. कोणी पटकीच्या साथीत झालेला, कोणी मोठ्या पुराच्या साली, कोणी रझाकारीत, आणि निजाम गेल्यावरही कोणी बहात्तरच्या दुष्काळात. पटवारी वारस लावायला आला, गिरदावर चौकशीला आला, फौजदाराने जबाब घेतला किंवा शिरगणतीचा माणूस वही घेऊन ओट्यावर बसला, की वय विचारण्याची रीत एकच असे: अमुक झाले तेव्हा तुम्ही केवढे होता? जनगणनेच्या कारकुनांना तर अशा स्थानिक प्रसंगांच्या यादीचा आधार घेऊनच वय अजमावावे लागे. आणि एवढे करूनही शून्यावर आणि पाचावर संपणाऱ्या वयांची गर्दी हिंदुस्थानच्या प्रत्येक शिरगणतीत दिसते ती दिसतेच.

ह्या रीतीतली मेख अशी, की प्रसंग विचारणारा पुरवतो आणि उत्तर देणाऱ्याला त्या प्रसंगात स्वतःला कोठे तरी उभे करावे लागते. 'रझाकारीत तुम्ही केवढे होता' असे विचारल्यावर 'मी नव्हतो' हे उत्तर व्याकरणाने शक्य असले तरी ते मनाला फार जड जाते. हात जमिनीपासून कोठे तरी वर धरायचा असतो. एकदा हात धरला की त्या हाताखाली एक मूल उभे राहते. मग त्या मुलाला पिंपळ लागतो, आईचा पदर लागतो, आणि दहा-वीस वेळा सांगून झाले की घोडाही लागतो.

शाळा आल्या तेव्हा ह्या प्रथेला कागदाचे बळ मिळाले. माझ्या पिढीत मराठवाड्यातल्या, किंबहुना सगळ्या महाराष्ट्रातल्या, खेडोपाडीच्या असंख्य माणसांचा जन्म १ जून रोजी झालेला आहे. जून महिन्यात शाळा भरे; मास्तर पोराला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगत; बोटे कानाला टेकली की पोर सहा वर्षांचे झाले, आणि दाखलखारिज रजिस्टरात सहा वर्षे मागची १ जून पडली. त्या तारखेवर पुढे नोकऱ्या लागल्या, लग्ने जमली, माणसे सेवानिवृत्त झाली. काही जण आता त्या दिवशी नातवांकडून औक्षणही करून घेतात.

माझी स्वतःची गोष्ट ह्याच रजिस्टरात अडकलेली आहे. माझ्या बालपणाची पहिली आठवण म्हणून मी कित्येक वर्षे जी सांगत आलो ती अशी: बहात्तरचा दुष्काळ, म्हणजे खरे तर त्र्याहत्तरचा उन्हाळा, रस्त्याच्या कामावर खडी फोडणाऱ्या बायांची रांग, मी आजीचे बोट धरून उभा, आजीच्या लुगड्याला दगडाची पांढरी भुकटी, आणि माझ्या हातात जर्मनची एक चेपलेली वाटी, तिच्यात सुकडी. सुकडीची चव मी सांगू शकतो, थोडी गोड, थोडी भाजकट, टाळूला चिकटणारी. घरी परतल्यावर मिलोची लाल भाकरी, जी थापताना कडेला चिरे आणि जिच्या नावाने आजी अमेरिकेला शिव्या देई, तीही मला दिसते. त्या वर्षी मे महिन्यात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवरच्या मजुरांची संख्या पन्नास लाखांच्या घरात गेली होती, हे मी पुढे वाचले. वाचताना मला अभिमान वाटला, की त्या पन्नास लाखांच्या पायांत घोटाळणारे एक पोर मी होतो.

माझ्यापेक्षा आठ-नऊ वर्षांनी मोठ्या असलेल्या धाकट्या आत्यापुढे मी ही हकीकत एकदा सांगितली. ती अंगणात शेंगा फोडत होती. तिने मान वर केली नाही. 'आरं लेकरा, ती वाटी माझी,' ती म्हणाली. 'बोट बी म्याच धरलं व्हतं. तू तवा वहिनीच्या पोटात. पाणी पडल्यावर, पोळ्याच्या आदल्या रातीला झालास तू.'

मी शाळेचा दाखला काढला. त्यावर १ जून १९७२. म्हणजे कागद खरा मानला तर त्या उन्हाळ्यात मी जेमतेम वर्षाचा, आणि आत्या खरी मानली तर गर्भात. कसाही हिशेब केला तरी बोट धरून उभा राहणारे आणि वाटीतली चव लक्षात ठेवणारे ते पोर मी असू शकत नाही. वयाच्या सुमारे तिसऱ्या वर्षापूर्वीचे प्रौढ माणसाला सहसा काही आठवत नाही, हे मानसशास्त्राने पुष्कळ तपासून ठरवलेले आहे. एक चोरलेली वाटी मी तीस-पस्तीस वर्षे माझी म्हणून मिरवीत होतो. गंमत अशी, की आत्याचे म्हणणे मान्य केल्यावरही आठवण गेली नाही. आजही डोळे मिटले की चेपलेल्या वाटीची धार माझ्याच बोटांना लागते.

ह्या बाबतीत मला एक मोठा सोबती आहे. मुलांच्या बुद्धीच्या वाढीचा अभ्यास करण्यात ज्याने आयुष्य घालवले तो स्वित्झर्लंडचा झां पियाजे ह्यालाही आपल्या दुसऱ्या वर्षाची एक आठवण होती: पॅरिसच्या शांझेलिझे रस्त्यावर बाबागाडीत तो बसला असता कोणी त्याला पळवू पाहिले, दाईने झटापट केली, तिच्या तोंडावर ओरखडे उठले, शिपाई धावत आला. पियाजे सुमारे पंधरा वर्षांचा असताना त्या दाईचे त्याच्या आईबापांना पत्र आले की ती सारी कहाणी तिने रचलेली होती. बक्षीस म्हणून मिळालेले घड्याळही तिने परत पाठवले. लहानपणी ऐकलेली हकीकत त्याने नकळत पाहिलेली करून घेतली होती. दाईचे ओरखडे आणि माझी वाटी ह्यांत फरक एवढाच, की माझी वाटी कोणाची तरी खरोखर होती.

स्मृती ही पेटीत घालून ठेवलेली वस्तू नव्हे, दर वेळी नव्याने रचलेली मांडणी होय, हे केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेटने १९३२ सालच्या आपल्या ग्रंथात दाखवले. उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींची एक कथा त्याने इंग्रज वाचकांना दिली आणि पुन्हापुन्हा सांगायला लावली. होता होता तिच्यातली डोंगी साधी नाव झाली, सीलची शिकार जाऊन मासेमारी आली, आणि जे इंग्रजाला पटण्याजोगे नव्हते ते गळून पडले. पुढे अमेरिकेत एलिझाबेथ लॉफ्टस हिने प्रश्नाचा प्रताप मोजून दाखवला. १९७४ च्या तिच्या एका प्रयोगात मोटारींच्या अपघाताच्या त्याच फिल्म पाहिलेल्यांना वेग विचारला. 'गाड्या एकमेकींना लागल्या' अशा अर्थाचा सौम्य शब्द वापरला तर सरासरी उत्तर ताशी ३१.८ मैल, 'चिरडल्या' अशा अर्थाचा शब्द वापरला तर चाळिसाहून जास्त. दुसऱ्या प्रयोगात आठवड्याने फुटलेल्या काचेबद्दल विचारले, तर जोरदार शब्द ऐकलेल्या ५० जणांपैकी १६ जणांनी काच पाहिली होती. फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती. आणि १९९५ साली, वडीलधाऱ्यांनी दुजोरा दिल्याचे सांगून, लहानपणी बाजारात हरवल्याची बनावट गोष्ट २४ प्रौढांपुढे ठेवली, तेव्हा सुमारे चौथा हिस्सा लोकांना ती पूर्णतः वा अंशतः आठवू लागली.

ह्याचे कारण शास्त्रज्ञ सांगतात ते आपल्या अडत्याला चटकन समजेल असे आहे. माल गोदामात येऊन पडतो, पण त्याची आवक-पावती वेगळ्या ठिकाणी ठेवलेली असते आणि ती आधी गहाळ होते. चित्र राहते, ते डोळ्यांनी आत आले की कानांनी, स्वतःचे की आत्याचे, हे राहत नाही. मग पावती मागणारा आला की मन एक नवी पावती फाडते, आणि स्वतःच्याच सहीने.

हा खेळ खेड्यातल्या अशिक्षितांचा, असे कोणाला वाटत असेल तर त्याने अंकुशनगरहून पूर्वेला, ह्याच जिल्ह्यातल्या परतूरला जावे. उदगीरच्या विजयानंतर मार्च १७६० मध्ये सदाशिवरावभाऊ उत्तरेच्या स्वारीसाठी निघाले ते येथून. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर ते पडले. पण त्यांना पडताना पाहिलेला आणि परत येऊन छातीवर हात ठेवून सांगणारा माणूस पुण्याला मिळेना, प्रेताची ओळखही वादातच राहिली, आणि त्यांच्या पत्नी पार्वतीबाई १७८३ मध्ये वारल्या तोवर त्यांनी वैधव्य पत्करले नाही. ज्या जागी आठवण असायला हवी त्या जागी अशी पोकळी पडली की ती भरायला कोणी ना कोणी येतोच. तेथे सुखनिधान नावाचा एक कनोजा ब्राह्मण आला. तोतया म्हणून त्याला कैद झाली, रत्नागिरीस ठेवले. १७७६ साली तेथील किल्ल्याच्या अधिकाऱ्यानेच त्याला मोकळे केले आणि पाहता पाहता कोकणातले गडकोट त्याच्या हाती जाऊ लागले, हजारोंचा जमाव जमला. शेवटी तो कुलाब्यास आंग्र्यांच्या हाती लागला, पुण्यास चौकशी झाली आणि वर्षअखेरीस त्याला देहदंड दिला गेला.

ह्या प्रकरणात स्वार्थी होते, पुणे दरबारावर रुसलेले होते, संधिसाधू तर होतेच. पण एवढ्याने एवढे मोठे बंड उभे राहत नाही. भाऊंना खरोखर पाहिलेली माणसे त्या जमावात होती, आणि पंधरा वर्षांपूर्वी पाहिलेल्या चेहऱ्यावर समोरचा चेहरा बसवताना त्यांच्या मनाने काय काय घासूनपुसून घेतले असेल ह्याची कल्पना मला माझ्या वाटीवरून येते. 'हेच ना ते भाऊ?' असे विचारल्यावर डोळे आधी होकार शोधतात. इतिहाससंशोधक राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' ह्या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये काढला तो नेमका पानिपतपूर्व दशकाच्या पत्रांचा, आणि त्याच्या प्रस्तावनेत बखरींची जी झाडाझडती घेतली ती अजूनही वाचावी अशी आहे. तेव्हापासून आम्हां मराठी लोकांत एक श्रद्धा रूढ झाली, की बखर म्हणजे स्मृती म्हणून संशयास्पद, आणि अस्सल कागद म्हणजे सत्य. राजवाड्यांविषयी पूर्ण आदर बाळगून मला एवढेच विचारावेसे वाटते, की त्यांनी १ जूनचा दाखला कोणत्या दप्तरात लावला असता?

मुलांच्या साक्षीविषयी न्यायालये पूर्वीपासून सावध आहेत. १८७२ च्या साक्षीपुराव्याच्या कायद्याने वयाच्या कारणावरून मुलाला साक्षीस अपात्र ठरवले नाही, प्रश्न समजून सुसंगत उत्तर देता आले म्हणजे पुरे. मात्र उत्तर पोटात घेऊन येणारे सूचक प्रश्न सरतपासणीत विचारण्यास आडकाठी घातली. २०२४ पासून अमलात आलेल्या नव्या अधिनियमातही हे तत्त्व कायम आहे. वकिलांच्या तोंडी 'पढवलेला साक्षीदार' हा शब्द नेहमीचा. पण त्या शब्दात पढवणारा दुष्ट आणि पढलेला जाणता असे गृहीत धरलेले असते, आणि घोटाळा तेथेच होतो. कॅलिफोर्नियातील मॅकमार्टिन बालशाळेतल्या मुलांवरील अत्याचाराच्या आरोपांच्या प्रकरणात, जे १९८३ मध्ये सुरू झाले आणि सात वर्षांनी एकाही दोषसिद्धीवाचून संपले, मुलांना विचारणारे लोक मुलांचे हितचिंतकच होते. त्यांनी कळवळ्याने, पुन्हापुन्हा, 'झाले' हे धरूनच विचारले, आणि मुले अशक्य ते सांगू लागली.

ह्यावरून मुलाची स्मृती कच्ची आणि आपली पक्की असा निष्कर्ष काढण्याची घाई मात्र करू नये. दुसऱ्याच्या सूचनेला लहान मूल लवकर वाकते हे खरे. परंतु दुसऱ्या एका कसोटीत पारडे उलटते. एकमेकांशी नाते असलेल्या शब्दांची यादी वाचून दाखवायची आणि मग आठवायला सांगायचे, अशी ती कसोटी. समजा मी कोयता, मोळी, वाढे, फड, कोपी, मुकादम, गाळप, गव्हाण असे शब्द वाचले. कारखान्यावरचा प्रौढ माणूस थोड्या वेळाने शपथेवर सांगेल की त्यात 'ऊस' होता. लहान मुले अशी चूक प्रौढांपेक्षा कमी करतात. शब्दांमधले नाते ज्याला ठाऊक, तोच ते नाते आठवण म्हणून परत करतो. बीडकडच्या टोळीबरोबर कोपीत येऊन राहिलेले चार वर्षांचे पोर तेवढे शहाणे अजून झालेले नसते. जाणतेपण हेही एक पढवणेच, फक्त पढवणारा दिसत नाही.

गावाच्या स्मृतीचे तसेच होते. दर १७ सप्टेंबरला मराठवाड्यात झेंडा लागतो, शाळेत भाषणे होतात, आणि पन्नास साली जन्मलेले मूल दहा-बारा भाषणे ऐकून रझाकारीचा साक्षीदार होते. उलट १९४८ च्याच सप्टेंबरात, लष्कर आल्यानंतर, कित्येक गावांतल्या मुसलमान वस्त्यांवर जे गुजरले, ज्याची चौकशी करायला नेहरूंनी पंडित सुंदरलालांची समिती पाठवली आणि जिचा अहवाल कित्येक दशके लोकांपुढे आला नाही, त्याबद्दल टपरीवर कोणाला काही आठवत नाही. ते कोणी विचारतच आले नाही. त्या प्रसंगी केवढे होतात म्हणून कोणी हात धरायला सांगितले नाही, म्हणून त्या हाताखाली कोणी मूल उभे राहिले नाही.

आणि वर्तमानकाळही स्वस्थ बसत नाही. २०१३ च्या उन्हाळ्यात जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या, तेव्हा म्हातारी माणसे ठासून सांगू लागली की बहात्तरला धान्य नव्हते पण पाणी होते. माझ्या आजीच्या बहात्तरमध्ये दीड कोसावरची विहीर असे. नव्या दुष्काळाने जुन्या दुष्काळाची विहीर भरून दिली. २०२३ पासून तर, येथून जवळच्या अंतरवाली सराटीच्या मराठा आरक्षण आंदोलनानंतर, निजामकालीन दप्तरे उघडली गेली. मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. घरोघर पणज्याचे नाव, त्याची जात कोणत्या शब्दात लिहिली होती, वंशावळीत कोणाखाली कोण, हे विचारले जाऊ लागले. कागद शोधणाऱ्यांच्या मागण्यांचा न्याय-अन्याय हा ह्या लेखाचा विषय नाही. मला कुतूहल आहे ते एवढेच, की चार पिढ्यांपूर्वी पटवाऱ्याने ओट्यावर बसून कोणत्या शब्दांत प्रश्न विचारला, आणि ज्याला तो विचारला त्याने दमून कोणत्या उत्तरावर मान हलवली.

मागच्या वर्षी आत्याबरोबर मी एका कचेरीत गेलो होतो. वृद्धांना मिळणाऱ्या मासिक अर्थसाहाय्याचा अर्ज करायचा होता; त्याला पासष्ट वर्षे पुरी लागतात. आत्या शाळेत गेलेली नाही, म्हणून तिला १ जूनदेखील नाही, आणि आधार कार्डावर नुसते एक साल, तेही कोणी तरी अंदाजाने घातलेले. खिडकीमागचा तरुण कारकून मोठा अदबशीर होता. त्याने कागद उलटेसुलटे केले, पेन टेबलावर ठेवले आणि विचारले, 'मावशी, बहात्तरच्या दुष्काळात तुम्ही केवढ्या होता?'

आत्याने हात पुढे केला, जमिनीपासून दोन हातांवर धरला, वाटी धरावी तसा. मग माझ्याकडे पाहिले, आणि हात सावकाश वीतभर वर नेला.

'एवढी,' ती म्हणाली.